मिठाच्या खिडक्या

दिनांक १० ऑगस्ट २००४, मंगळवार. रक्कम रुपये एकशे चाळीस. शंभराची एक नोट आणि दहाच्या चार. देणारे आमचे भाडेकरू, घेणारी माझी बायको सुलभा. हजर मी आणि शेजारच्या फिलोमिना टीचर. त्या साक्षीदार म्हणून सही करायला चष्मा पुसत आल्या होत्या. जागा आमची मालवणातली पडवी. त्या दिवशी मला त्या माणसाचा जितका संताप आला, तितका त्याआधी कधी आला नव्हता. आणि त्याआधी तो जवळजवळ रोज येत होता.

हे पैसे कसले ते सांगायचं तर मिठापासून सुरुवात करावी लागेल.

हे गृहस्थ १९९९ च्या दिवाळीनंतर आमच्याकडे राहायला आले. मुंबईत रंगांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढून निवृत्त झालेले. लग्न केलेलं नव्हतं. आजोळ धामापूरचं, त्यामुळे मालवणी समजायची, पण बोलायचे पुस्तकी मराठी. आमच्या घराच्या दक्षिणेकडच्या दोन खोल्या त्यांनी घेतल्या. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि टेम्पोतून उतरवलेलं कपाटाएवढं एक यंत्र. कारखान्यानं ते भंगारात काढलं होतं, यांनी विकत घेतलं. ते उतरवताना हमालांना ‘हळू’ हा शब्द इतक्या वेळा ऐकावा लागला की शेवटी एकजण म्हणाला, “सायबानू, आत बायल बसलीहा काय?”

आत मीठ होतं. त्या यंत्राच्या खिडक्या मिठाच्या होत्या.

त्यांनी मला हे इतक्या वेळा समजावलं आहे की मी झोपेतही सांगेन. उन्हाची जी ऊब आपल्याला लागते तिच्यात डोळ्यांना न दिसणारा प्रकाश असतो, अवरक्त प्रकाश. तो एखाद्या पदार्थातून सोडला की पदार्थ त्यातला आपला वाटा गिळतो, उरलेला पुढे जातो. तेल एक वाटा गिळतं, साखर दुसरा. काय गिळलं त्याची रेघ कागदावर उमटते, डोंगरदऱ्यांची, आणि जाणकार त्या रेघेवरून पदार्थ ओळखतो. फक्त हा प्रकाश साध्या काचेतून नीट जात नाही. मिठातून जातो. म्हणून खिडक्या मिठाच्या; घासून गुळगुळीत केलेल्या, भिंगासारख्या लख्ख.

आता मिठाच्या खिडक्या घेऊन माणसानं राहायला कुठे जावं? सोलापुरात जावं. जैसलमेरला जावं. हा माणूस मालवणात आला. इथे जूनमध्ये बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं आणि कपाटातल्या चपलांना बुरशी येते. मी हे त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं. ते म्हणाले, “म्हणूनच आलो, हिशेबनीस. इथं टिकलं तर कुठंही टिकेल.”

मी सहकारी सोसायटीत हिशेब बघायचो म्हणून ते मला हिशेबनीस म्हणायचे. मला ते आवडत नसे. मी तसं सांगितलंही होतं.

खिडक्या टिकवण्यासाठी त्यांनी आमच्या घराला जे नियम लावले, ते कुणा घरमालकानं भाडेकरूलासुद्धा लावले नसतील. यंत्राच्या खोलीत दिवसरात्र बल्ब पेटलेले, हवा कोरडी राहावी म्हणून. खोलीत शिरायचं ते तोंडाला मफलर बांधून. आत बोलायचं नाही, कारण बोलण्यातून वाफ जाते. पावसाळ्यात त्या बाजूच्या पडवीत कपडे वाळत घालायचे नाहीत. हे सगळं मी ऐकून घेतलं. पण एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि सुलभाला म्हणाले, “वहिनी, पेज संध्याकाळी चारनंतर करता येईल का? सकाळी वारा तुमच्याकडून माझ्याकडे असतो.”

मालवणात सकाळची पेज चारनंतर! मी हातातला पेला खाली ठेवला. सुलभा मात्र शांतपणे म्हणाली, “सर, पेज होतली तेवाच होतली. वाऱ्याक सांगा चारनंतर येवक.”

ते विचारात पडले. वाऱ्याचं काही करता येईल का याचाच विचार करत असावेत. शेवटी त्यांनी स्वतःच्या खर्चानं मधल्या दाराला रबराची पट्टी लावली. सुताराने आगाऊ रक्कम मागितली तेव्हा त्याला त्यांनी तासभर दारात उभं केलं, पण दिली नाही. “जे घडलंच नाही त्याचे पैसे कसे देऊ?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पावसाळ्याआधी पडवीला झावळ्यांची झडी बांधणाऱ्यालाही तेच, टेम्पोवाल्यालाही तेच. काम बघायचे, मग खिशात हात घालायचे. पैसे कधी बुडवले नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण घडण्याच्या आधी एक पैसा सोडला नाही.

यंत्र कशासाठी, तर मेंदूतल्या गाठींसाठी. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी गोव्यात संशोधन करत होती, तिच्याकडे नवं यंत्र होतं. मेंदूत चरबी भरपूर, गाठ वाढली की त्या जागची चरबी कमी होते, आणि रेघेतली चरबीची शिखरं खाली बसतात, असं त्यांचं म्हणणं. हे ओळखता आलं तर गाठ कोणत्या जातीची ते लवकर कळेल. “डॉक्टर कवटी उघडून उभा असतो,” ते म्हणायचे. “कुठपर्यंत कापायचं हे त्याला त्या क्षणी हवं असतं. रिपोर्ट येतो पंधरा दिवसांनी.” आणि असं यंत्र फक्त मुंबईच्या थंड खोलीत चालून काय उपयोग, ते कणकवलीच्या, रत्नागिरीच्या दवाखान्यातही चाललं पाहिजे. म्हणून मालवण. म्हणून बल्ब. म्हणून आमची पेज.

आमच्याकडच्या यंत्रावर ते सराव करायचे तो बोकडाच्या भेज्यावर. दर बुधवारी आणि रविवारी मटणवाल्याकडून एक भेजा. तोही खाण्यासाठी नाही, हे कळल्यावर मटणवाल्यानं गिऱ्हाईक म्हणून त्यांचा मान ठेवणं सोडलं. मग त्यांना वाटलं, माशाचाही बघावा. मासळी बाजारात सुरमईच्या डोक्यांच्या ढिगाशी ते उकिडवे बसले आणि टोकदार चिमट्यानं उकरायला लागले. मी पिशवी घेऊन बाजूला उभा, ओळख न दाखवता. पाटीवरची बाई बराच वेळ बघत होती.

“सायबानू, काय सोधतास?”

“मेंदू.”

“मासळेचो? कित्याक तो? माझ्या घोवाचो न्हेवा. आजून वापरूंक नाय.”

सगळा बाजार हसला. हे गंभीरपणे म्हणाले, “त्यांची परवानगी लागेल. लेखी. आणि त्यांना सगळं समजावून सांगावं लागेल.”

“तेका समाजला आसता तर मी हंय बसलंय असतंय?” ती म्हणाली, आणि मी पिशवी घेऊन सरळ घरी आलो.

लोक मात्र त्यांच्याकडे यायचे. तूप, खोबरेल घेऊन यायचे. हे मफलर बांधून आत जायचे, बाहेर येऊन सांगायचे, “यात पामतेल आहे. साधारण पाचवा हिस्सा.” दोन तेलवाल्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांच्याशी नव्हे, माझ्याशी; कारण घर माझं.

बांगड्याचं प्रकरण २००२ च्या पावसाळ्यातलं. वीज जायची आणि बल्ब विझायचे, की हे बिस्किटांच्या डब्यात नमुना ठेवायच्या सुट्या मिठाच्या चकत्या घालून आमच्या चुलीकडे धावत यायचे. सुलभानं चुलीवरच्या फळीवर त्यांच्या डब्याला जागा करून दिली. तिथे कोकमाची सोलं असायची, सुके बांगडे टांगलेले असायचे, वरची हवा कायम कोरडी. चकत्या उत्तम राहिल्या. आणि श्रावणात भेज्याच्या रेघेवर एक नवं शिखर दिसायला लागलं, पूर्वी कधी न दिसलेलं. दोन आठवडे ते जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. त्यांनी गोव्याला विद्यार्थिनीला लांबलचक पत्र धाडलं. मेंदूतल्या चरबीचं काहीतरी नवीनच हाती लागलंय, असा त्यांचा सूर होता.

मग एके दिवशी त्यांनी मधे काहीच न ठेवता नुसत्या चकतीची रेघ काढली. शिखर तिथेच होतं. डब्याचं झाकण सैल होतं, चुलीवर टांगलेल्या बांगड्यांच्या तेलाचा धूर आत जात होता, आणि चकत्यांवर त्याचा पातळ थर बसला होता. मी असतो तर गप्प बसलो असतो, हळूच दुसरं पत्र टाकलं असतं. हे त्याच क्षणी छत्रीही न घेता नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. मी छत्री घेऊन मागे. लाइन खराब होती. बूथच्या काचेतून अर्ध्या बाजाराला ऐकू आलं.

“मेंदू नव्हे! मेंदू नव्हे! बांगडा! …बांगडा गं, मासा! बांगड्याचं तेल! माझी चूक! सगळं पत्र फाडून टाक!”

पुढे वर्षभर पोरं त्यांना पाहून ‘बांगडो’ म्हणायची. ते वळून हात करायचे. मला लाज वाटायची, त्यांना नाही. उलट कुणी त्यांच्या एखाद्या म्हणण्यावर फार विश्वास दाखवला की म्हणायचे, “बांगडा विसरू नका.”

२००४ च्या जूनमध्ये सुलभा स्वयंपाकघरात कोसळली. त्याआधी महिनाभर तिला शब्द सापडत नव्हते. पळीला ‘तां’ म्हणायची, छत्रीला ‘तां’ म्हणायची. आम्ही हसायचो, तीही हसायची. पणजीजवळच्या इस्पितळात स्कॅन झालं. डाव्या बाजूला गाठ. ऑपरेशन करून काढावी लागेल. गाठ कोणत्या जातीची ते काढल्यावर तपासून कळेल. सावकाश वाढणारी असेल तर बरीच वर्षं. दुसरी असेल तर किती, असं विचारलं तेव्हा डॉक्टर स्कॅनच्या फिल्म पाकिटात भरायला लागले.

घरी आल्यावर मी त्यांच्या खोलीत गेलो. मफलर बांधला नाही.

“तुमच्या विद्यार्थिनीच्या यंत्रावर हिच्या गाठीचा तुकडा बघता येईल?”

“येईल. त्या इस्पितळाशी तिचं तसं ठरलेलं आहे. समितीची परवानगी आहे. ताजा तुकडा, बर्फात. वहिनींनी सही दिली तर.”

“मग लगेच कळेल? कोणती जात ते?”

“नाही.”

“रेघ लगेच येते म्हणता ना?”

“रेघ येईल. उत्तर नाही येणार. आमच्याकडे अजून फार थोडे नमुने आहेत. वहिनींच्या तुकड्यावरून आम्ही शिकू. सांगणार नाही. सांगायचं काम सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या डॉक्टरांचं.”

माझा तोल गेला. मी म्हणालो, “खोबरेलात पामतेल किती ते पाचव्या हिश्शापर्यंत सांगता! पाच वर्षं आमच्या घरात वाफ करू दिली नाहीत! माझ्या बायकोच्या डोक्यात काय आहे ते विचारतोय तर तुमच्याकडे उत्तर नाही?”

“नाही,” ते म्हणाले. “अंदाज आहे. अंदाज सांगितला तर तुम्ही त्यावर घर बांधाल. बांगडा विसरू नका, हिशेबनीस.”

मी दार आपटलं. वाफेची पर्वा न करता.

मला हिशेब सरळ दिसत होता. आम्ही तुकडा द्यायचा, सही द्यायची. आणि आम्हाला काय? काही नाही. पुढच्या कुणाला तरी कधीतरी उपयोग होईल. पुढचा कोण? मी सुलभाला म्हणालो, सही देऊ नकोस. ती कागद वाचत होती. मधे मधे एखाद्या शब्दावर बोट ठेवून थांबायची, तो सापडला की पुढे जायची.

“माझो भेजो,” ती म्हणाली. “माझी सही.”

तर दहा ऑगस्टला पडवीत कागद झाला. फिलोमिना टीचर चष्मा पुसत आल्या, त्यांनी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली, आणि सुलभाला विचारलं, “गो, तुका समाजलां मां सगळां? हेंतून तुका कायच गावचां नाय.”

“समाजलां,” सुलभा म्हणाली. मग तिनं त्यांच्याकडे पाहिलं. “सर, एक इचारू? ह्या यंत्रातलां नको. तुमका काय वाटता? चवथीक मी घराक आसतलंय मां?”

आमच्याकडे गणपतीला घरात बाई नसणं म्हणजे काय, हे धामापूरच्या नातवाला सांगायला नको होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. म्हटलं, आता तरी माणसासारखं ‘हो’ म्हण. खोटं म्हण. फुकट आहे.

ते म्हणाले, “मला माहीत नाही.”

त्या क्षणी मी त्यांना खोल्या रिकाम्या करायला सांगणार होतो. शब्द तोंडात होते. पण ते खिशात हात घालून पैसे काढत होते. नियम असा की नमुना देणाऱ्याला त्याबद्दल मोबदला देता येत नाही, फक्त प्रवासखर्च देता येतो. त्यांनी मालवण–पणजी एसटीचं भाडं विचारून ठेवलं होतं. सत्तर रुपये. एका माणसाचं.

“आणि ह्यांचा?” सुलभानं माझ्याकडे बोट केलं.

“ते नमुना देत नाहीत,” ते म्हणाले. मग त्यांनी पैसे तिच्या हातावर ठेवले. एक नोट, मग चार. तिनं मोजले. “सर, हे जास्त झाले. सत्तर ना?”

तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा मालवणी बोलताना ऐकलं. त्यांच्या आजीचं असावं, जुनं, हेल काढून बोललेलं.

“येवचे पण घेवा, वहिनीनू. येवचे आत्ताच देतंय.”

मला तेव्हा एवढंच दिसलं की तिच्या परत येण्याचेही धरले, पण माझ्या तिकिटाचे पैसे त्यांनी धरले नाहीत. मी ते टीचरना बोलूनही दाखवलं.

बाराला आम्ही एसटीनं गेलो. तिनं शंभराची नोट दिली, तीस परत घेतले, आणि उरलेल्या दहाच्या सात नोटा रुमालात बांधल्या. सोळाला ऑपरेशन झालं. तुकड्याचा एक भाग तपासणीला गेला, एक बर्फातून विद्यार्थिनीकडे. तपासणीचा रिपोर्ट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळाला. सावकाश वाढणारी. पुढे किरणांचे उपचार घ्यावे लागले, अजूनही दरवर्षी स्कॅन असतं, आणि घाईत असली की अजूनही तिची छत्री ‘तां’ होते. पण हे मी २०१० मध्ये लिहितोय आणि ती आत पेज करते आहे. सकाळीच.

ते २००६ मध्ये आमच्याकडून गेले. त्या पावसाळ्यात मोठी खिडकी एका बाजूनं दुधासारखी झाली, तेव्हा म्हणाले, “मालवण जिंकलं,” आणि यंत्र भंगारवाल्याला देऊन विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत कामाला निघून गेले. जाताना मी विचारलं, आता तरी सांगा, हिची रेघ काय म्हणत होती? म्हणाले, “नमुन्यांवरची नावं काढून टाकतात. बाकीच्या रेघांमध्ये त्यांची एक आहे. कुठली, ते मलाही माहीत नाही.” दोन वर्षं मी ज्या उत्तरासाठी धुमसत होतो, ते त्यांनी स्वतःपासूनही लांब ठेवलं होतं. अशा माणसाशी भांडण पुरं तरी कसं करायचं?

पण पैशांचं राहिलं.

इस्पितळातून घरी सोडलं तेव्हा चवथीला आठवडा होता. मी मालवणाहून गाडी ठरवून मागवली होती. डोक्याला स्कार्फ बांधलेली सुलभा गाडीपाशी आली, आत पाहिलं, आणि माझा हात धरून स्टँडच्या दिशेला बोट केलं. मी समजावलं, रस्ता खराब आहे, धक्के बसतील. डॉक्टरांनाही विचारून आलो. ते म्हणाले, पुढची सीट घ्या, हरकत नाही. गाडीवाला माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. ती ऐकेना. नोटांच्या रुमालाची गाठ धरून उभी.

तेव्हा, भर रस्त्यात, माझ्या डोक्यात आलं. जे घडलंच नाही त्याचे पैसे हा माणूस कुणाला देत नव्हता. सुताराला नाही, झडीवाल्याला नाही, कुणालाच नाही.

मालवण गाडीत पुढची सीट मिळाली. सावंतवाडीपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. कंडक्टर आधीच येऊन गेला असता, पण तिनं त्याला हातानं थांबवलं होतं. तिला शब्द जुळवायचा होता. सावंतवाडी सोडल्यावर तो कुरकुरत परत आला. तिनं रुमाल सोडला, दहाच्या सात नोटा मोजल्या आणि म्हणाली, “एक. पणजी ते मालवण.” एकही शब्द अडला नाही.

“नि ह्यांचा?” कंडक्टरनं विचारलं.

“ते त्यांचां बघतले.”

रिकाम्या परत गेलेल्या गाडीचे चारशे रुपये मी दिले. माझ्या तिकिटाचे सत्तर मी दिले. तिचे सत्तर तिनं दिले, कंडक्टरला, येवचे.